दूध संस्था बंद करण्याआधी सभासदांना विचारा : सहकार आणि दुग्धविकास खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री आणि मा. दुग्धव्यवसाय विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील जिल्हा व तालुका दूध संघांचे सर्व संचालक

विषय : गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांना येणाऱ्या अवसायनाच्या (संस्था कायद्याने गुंडाळण्याच्या) नोटिसा आणि जागतिक दूधबाजारात लहान उत्पादकाची जागा

महोदय,

भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावात मी गाई सांभाळते आणि गावच्या प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्थेची सभासद आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि त्यानिमित्त आपल्या राज्यात मेळावे, परिषदा, सत्कार झाले. त्याच वर्षात आमच्या संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०२ खाली नोटीस आली. संकलन ठरावीक मर्यादेच्या खाली गेले आहे, लेखापरीक्षण वेळेत झालेले नाही, सबब संस्था अवसायनात का काढू नये याचा खुलासा करावा, एवढाच तिचा मजकूर आहे. संकलन का घटले, हे त्या कागदात कोणी विचारलेले नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते कार्यालयात न देता उघडपणे लिहिते आहे, कारण अशी नोटीस आमच्या एकाच संस्थेला आलेली नाही आणि हा प्रश्न एका गावाचाही नाही.

माझे सासरे संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी. त्याआधी गावातले दूध गवळ्याकडे जात असे. माप त्याचे, भाव त्याचा आणि हिशेबाची वहीही त्याचीच. संस्था निघाल्यावर मापाला चार साक्षीदार मिळाले, दुधाला फॅटप्रमाणे दर मिळू लागला आणि दर दहा दिवसांनी पगार हातात पडू लागला. उसाचे पैसे वर्षाने यायचे, कांद्याचे नशिबाने. किराणा, दवाखाना आणि मुलांच्या वह्या यांचा भार दुधाच्या पगारानेच उचलला. कोरडवाहू जमिनीच्या घरांत तर दुसरा आधारच नव्हता.

हे आपोआप झालेले नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे दूध मुंबईला यायचे आणि त्याचा भाव पॉल्सन ही एकच कंपनी ठरवायची; त्याविरुद्ध दूध बंद ठेवून त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये त्यांनी आपला संघ नोंदवला. पुढे १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली. युरोपकडे तेव्हा भुकटीचे आणि लोण्याचे प्रचंड साठे पडून होते. तो माल आपल्या बाजारात तसाच स्वस्तात उतरला असता तर इथला गोठा बसला असता. डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तो मदत म्हणून घेतला, महानगरांत त्याचे दूध करून विकले आणि आलेला पैसा गावच्या संस्था, शीतकरण केंद्रे आणि टँकर यांत घातला. परदेशातला वरकड माल आणि इथला दोन गाईंचा शेतकरी यांच्यामध्ये संस्था उभी राहिली, म्हणून तो शेतकरी वाचला, आणि १९९८ मध्ये अमेरिकेला मागे टाकून भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. जागतिक अर्थव्यवस्थेत सहकाराचे काय काम, असे आज सभांमधून विचारले जाते. माझ्या मते त्याचे उत्तर या इतिहासात मिळते, आणि ते आजही लागू आहे.

आता तोच दाब वेगळ्या वाटेने येतो. आपला देश दूध फारसे आयात करत नाही, त्यामुळे जगाच्या बाजाराशी आपला संबंध नाही, अशी समजूत मंत्रालयात असू शकते. ती खरी नाही. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी आणि चार किलोच्या आसपास लोणी निघते. शहराला पिशवीतून, दही-ताकातून लागते तेवढे दूध सोडले तर उरलेल्याची भुकटी होते, आणि आपल्या भागात ते उरलेले दूध थोडे नाही. भुकटीचा जागतिक भाव न्यूझीलंडमधून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लिलावात २००८ पासून ठरत आला आहे. तिथे भाव उतरला की आपली निर्यात परवडत नाही, गोदामे भरतात, साठ्यावर बँक उचल देताना हात आखडता घेते, आणि मग कारखाना आमच्या दुधाचा दर पाडतो. तिकडे न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात काय झाले हे आम्हाला कोणी सांगत नाही. दहा दिवसांच्या पगारातून ते कळते.

दर पाडण्याची रीतही सांगते. संकलन केंद्रावर नमुना यंत्रात घातला की पडद्यावर दोन आकडे उमटतात. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागले तर पूर्ण दर. एसएनएफ ८.४ आला की कपात, ८.३ आला की आणखी कपात. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की गाय ८.५ ला क्वचित पोहोचते. बाजार पडलेला असतो तेव्हा कपातीचे टप्पे वाढवले जातात, आणि वर्तमानपत्रात छापून आलेला दर चिठ्ठीवर कधीच दिसत नाही. यंत्र बरोबर आहे का, असे विचारले तर दुसरीकडे दूध घाला, असे उत्तर मिळते. दुसरीकडे म्हणजे कुठे? गावात आता तीन केंद्रे आहेत, तिन्ही खासगी, आणि तिघांचा दर एकाच दिवशी बदलतो.

या तिन्ही केंद्रांची दोरी कोणाच्या हातात असते? १९९१ पर्यंत दुग्धप्रक्रियेला परवाना लागत असे, तो काढला गेला आणि खासगी भांडवल आले. त्याने अनेक ठिकाणी रस्ता, टँकर, बल्क कूलर (दूध थंड ठेवण्याची मोठी टाकी) आणि वेळेवर पैसे आणले, हे मी नाकारत नाही. मात्र ते भांडवल आता कोणाचे आहे, हेही पाहावे. फ्रान्सचा लॅक्टालिस समूह हा जगातला सर्वांत मोठा दुग्धउद्योग आहे. त्याने २०१४ मध्ये हैदराबादची तिरुमला, २०१६ मध्ये इंदूरच्या अनिकचा दुग्धव्यवसाय आणि २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या प्रभातचा दुग्धव्यवसाय सुमारे १७०० कोटी रुपयांना विकत घेतला. यात बेकायदा काही नाही आणि माझी त्या कंपनीविरुद्ध तक्रारही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की श्रीरामपूरच्या परिसरातले दूध आणि फ्रान्समधले एक कार्यालय यांच्यात आज थेट व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारात शेतकऱ्याच्या बाजूने बसणारी मोठी संस्था उरलेली नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवते. न्यूझीलंडची फॉन्टेरा २००१ मध्ये स्थापन झाली. ती सहकारी आहे आणि तिचे मालक तिथले दूध उत्पादक शेतकरी आहेत. जगाला भुकटी विकणाऱ्यांत ती आघाडीवर आहे. आमचा दर ज्या बाजारात पडतो, त्या बाजाराचे एक मुख्य नाव तेच. म्हणजे जागतिक स्पर्धेत सहकार टिकत नाही, हे आपल्याकडे व्यासपीठावरून सांगितले जाणारे कारण खोटे आहे. याच फॉन्टेराने आपला ग्राहकोपयोगी मालाचा व्यवसाय लॅक्टालिसला विकावा का, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये सभासद शेतकऱ्यांना विचारले आणि सुमारे ८८ टक्के मते विक्रीच्या बाजूने पडली. तो निर्णय शहाणपणाचा होता का, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला तो पटलेला नाही, कारण ब्रँड गेला की शेतकऱ्याकडे पुन्हा कच्चा मालच उरतो. तरीही माझा मुद्दा निकालाचा नसून रीतीचा आहे : सभासदांपुढे आकडे ठेवले गेले, चर्चा झाली, मतदान झाले आणि मग सौदा झाला.

आमच्या तालुक्यातल्या संघाचे शीतकरण केंद्र खासगी डेअरीला भाड्याने गेले, तेव्हा ते आम्हाला दारावरची पाटी बदलल्यावर समजले. त्याआधी संघाने आमचे पगार थकवले. संस्थेने संघाला दूध दिले होते, संघाने शहरात विकले होते, ग्राहकाने पैसे दिले होते, तरी ते खाली आले नाहीत. गोठ्यात जनावर उपाशी ठेवता येत नाही आणि पेंडवाला उधारी किती दिवस देणार? एकेक सभासद खासगी केंद्राकडे वळला, संकलन घटले, संस्थेकडे सचिवाचा पगार द्यायलाही पैसे राहिले नाहीत, मग दप्तर अपुरे राहिले आणि लेखापरीक्षण रखडले. नोटिशीत आमचे जे दोष म्हणून लिहिले आहे, ते या साखळीचे शेवटचे टोक आहे. पहिले टोक संघात आहे, आणि तिथल्या कोणाला खुलासा मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे : बुडवणारा वर राहतो आणि बुडालेल्यावर कलम लागते.

दुसरी तक्रार दराची. उसाला १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. दर केंद्र सरकार ठरवते, १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज द्यावे लागते, आणि शेतकऱ्याला त्या आधारावर न्यायालयात जाता येते. दुधाला यातले काहीही नाही. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर जाहीर केला. काही महिन्यांतच तो पाळला जाईनासा झाला, आणि जानेवारी २०२४ च्या अनुदान योजनेत सरकारनेच डेअऱ्यांनी किमान २७ रुपये द्यावेत अशी अट घातली. जाहीर केलेला दर कोणी मोडला आणि त्याला काय शिक्षा झाली, हे आजवर कोणी सांगितलेले नाही. शिक्षा करायला कायदाच नव्हता, हे त्याचे खरे कारण आहे. कायद्याचे पाठबळ नसलेला दर ही विनंती ठरते, आणि बाजार पडलेला असताना विनंती कोण ऐकतो?

अनुदानाबद्दल वेगळे लिहायला हवे. जुलै २०१८ मध्ये मुंबईचे दूध रोखण्याचे आंदोलन झाले तेव्हा लिटरमागे ५ रुपये जाहीर झाले. २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा ५ रुपये, त्याच वर्षी पुढे ७ रुपये. त्या पैशांनी अडचणीच्या दिवसांत मदत झाली, त्याबद्दल मी सरकारचे आभार मानते. तथापि, ते मिळवण्यासाठी गाईच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, आधारला जोडलेले खाते आणि केंद्रचालकाने भरलेली माहिती हे सगळे एकाच वेळी जुळावे लागले, आणि ज्यांचे जुळले नाही त्यांची रक्कम राहून गेली. गावात संस्था चालती असती तर हे काम सचिवाने घरोघर जाऊन केले असते. आणखी एक गोष्ट : मंदीत अनुदान आणि तेजीत शांतता, या पद्धतीत भुकटीचा साठा करण्याची, स्वतःची बाजारपेठ वाढवण्याची, शहरात स्वतःची पिशवी विकण्याची ताकद कोणातच तयार होत नाही. पुढची मंदी आली की आम्ही पुन्हा रस्त्यावर आणि आपण पुन्हा घोषणेच्या व्यासपीठावर.

ताकद म्हणजे काय, हे पाहायला परदेशात जायला नको. कोल्हापूर जिल्हा संघाचा गोकुळ १९६३ पासून उभा आहे. म्हशीचे चांगले दूध, मुंबई-पुण्यातला हक्काचा ग्राहक आणि दिवाळीआधी सभासदाच्या हाती पडणारी दरफरकाची रक्कम, यांवर तो चालतो. तिथले राजकारण आम्हालाही ठाऊक आहे आणि तिथे सगळे निर्मळ आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या भागात सहकारी संघ जिवंत असतो, तिथे खासगी डेअरीलाही त्याच्या जवळपास दर द्यावा लागतो, कारण दूध उत्पादकाकडे जायला दुसरे दार असते. माझ्या मते जागतिक बाजारात सहकाराचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. सगळे दूध संस्थेनेच घ्यावे, असे नाही. तिच्या नुसत्या असण्याने इतरांना दर पाडता येत नाही, एवढे पुरेसे आहे. संस्था अवसायनात गेली की हे दार भिंतीत बुजते. सरकारी दप्तरात मात्र त्याची नोंद फक्त एक निष्क्रिय संस्था कमी झाली, अशी होते.

तिसरी तक्रार आपल्या दोन हातांनी चाललेल्या दोन विरुद्ध कामांची आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच वर्षांत दोन लाख नव्या प्राथमिक कृषी पतसंस्था, दूध संस्था आणि मच्छीमार संस्था काढण्याचे ठरवले. दुसरी श्वेतक्रांती म्हणून सहकारी संघांचे दूध संकलन पाच वर्षांत ५० टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय सहकार धोरण जाहीर झाले आणि त्यात प्रत्येक गावापर्यंत सहकारी संस्था नेण्याचा संकल्प आहे. ही सर्व उद्दिष्टे चांगली आहेत. मग ज्या गावात चाळीसेक वर्षांची नोंदणी आहे, जागा आहे, सभासदांची यादी आहे आणि एके काळी पहाटे रांगा लागत होत्या, तिथली संस्था मोडून उद्या त्याच गावात नवी संस्था काढायची, यात कोणाचे हित आहे? जुन्या संस्थेचे पुनरुज्जीवन करायला लागणारा खर्च म्हणजे एक बल्क कूलर, एक तपासणी यंत्र, थोडे खेळते भांडवल आणि वर्षभराचा सचिवाचा पगार. नव्या संस्थेलाही हेच लागणार आहे. फरक इतकाच की जुन्या संस्थेत लोकांनी स्वतःचे भागभांडवल घातलेले आहे आणि अवसायनात ते बुडणार आहे.

स्वायत्ततेविषयी थोडक्यात लिहिते. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क झाला. त्या दुरुस्तीतला राज्यांतर्गत संस्थांविषयीचा भाग जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, पण तो हक्क कायम आहे. आंतरराष्ट्रीय सहकार संघाने १९९५ मध्ये मान्य केलेल्या सात तत्त्वांत सभासदांचे लोकशाही नियंत्रण आणि स्वायत्तता ही दोन तत्त्वे आहेत. आपल्या राज्यात सहकारी संस्थांच्या निवडणुका कधी साथीमुळे, कधी पावसामुळे, कधी दुसऱ्या निवडणुकांमुळे पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. मुदत संपलेली मंडळे खुर्चीवर राहतात, काही ठिकाणी प्रशासक येतात, आणि दोन्ही वेळा सभासद बाहेर. राज्याचा शिखर संघ असलेल्या महानंदचे व्यवस्थापन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. मंडळाने तो सावरावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. पण राज्यातल्या दूध उत्पादकांची सर्वांत वरची संस्था त्या स्थितीला का आली, याचा हिशेब उत्पादकांसमोर मांडायला हवा होता.

संघांच्या संचालकांनाही मला काही सांगायचे आहे, कारण सगळा दोष सरकारवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचायला सुरुवात झाली की पुढच्या रांगेतून मंजूर, मंजूर असा गलका होतो. विषयपत्रिकेवरचे सगळे विषय चहा येण्याच्या आत संपतात. प्रश्न विचारायला उठलेल्या माणसाचा माइक काढून घेतला जातो; बाईने हात वर केला तर तो कोणाला दिसतच नाही. नोकरभरती नात्यागोत्यात, पशुखाद्याची खरेदी ठरलेल्या ठिकाणी, वाहतुकीचे ठेके घरातल्या घरात, आणि तोटा झाला की बोट जागतिक मंदीकडे. मंदी खरी असते. पण मंदीत टिकायला लागणारी गंगाजळी आधीच कुठे गेली, हे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि तो आपण त्याच्याकडून काढून घेतलेला आहे. फॉन्टेराच्या शेतकऱ्याला जे विचारले गेले, ते आमच्या शेतकऱ्याला विचारण्यात आपल्याला कोणती अडचण वाटते?

बाईचा विषय निघालाच आहे तर तोही पूर्ण करते. पहाटे धार काढणे, शेण काढणे, वैरण कापणे, पाणी पाजणे, आजारी कालवडीजवळ रात्र काढणे, हे काम आमच्याकडे बहुतेक घरांत बायका करतात. संस्थेच्या सभासद यादीत मात्र नाव घरातल्या पुरुषाचे, बँकेचे खाते त्याचे, मत त्याचे. मी सभासद झाले ती पतीच्या निधनानंतर वारस म्हणून. ते हयात असते तर हे पत्र लिहिण्याचा हक्कही मला नाही, असे कोणी म्हणू शकले असते. ज्या व्यवसायाचे काम निम्म्याहून अधिक बायकांच्या हातून होते, त्याच्या संस्थेत त्यांना मत नसेल, तर ती संस्था उत्पादकांची कशी?

व्यापार करारांबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि आशियातल्या देशांच्या प्रादेशिक व्यापक आर्थिक भागीदारी करारातून बाहेर राहण्याचे ठरवले, त्यात दूध उत्पादकांची चिंता हे एक मोठे कारण होते. २०२२ मधला ऑस्ट्रेलियाबरोबरचा आणि २०२५ मधला ब्रिटनबरोबरचा, या दोन्ही करारांतून दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले गेले. या निर्णयांबद्दल आम्ही सरकारचे ऋणी आहोत. पण जून २०२० मध्ये, टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद असताना, अनेक ठिकाणी गाईच्या दुधाचा दर २० रुपयांच्या खाली गेला असताना, १० हजार टन भुकटी १५ टक्के सवलतीच्या शुल्काने आयात करण्याची परवानगी निघाली. सीमेवरची भिंत एका अधिसूचनेने खाली येऊ शकते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून केवळ आयातशुल्काच्या भरवशावर बसून चालणार नाही. भिंत असो वा नसो, गावात आमची संस्था हवी.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

संकलन घटल्याच्या कारणाने प्राथमिक दूध संस्थांना दिलेल्या अवसायनाच्या सर्व नोटिसांना तातडीने स्थगिती द्यावी. प्रत्येक संस्थेचे संकलन का घटले याची चौकशी गावात, सभासदांसमोर व्हावी आणि संघाने थकवलेल्या रकमा त्या चौकशीत लेखी नोंदवाव्यात. सभासदांनी संस्था चालवण्याचा ठराव केला असेल, तर नव्या संस्थांसाठी ठेवलेल्या निधीतून तिला कूलर, तपासणी यंत्र आणि खेळते भांडवल मिळावे.

संघाची कोणतीही जमीन, इमारत, शीतकरण केंद्र किंवा ब्रँड विकण्यापूर्वी अथवा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यापूर्वी संलग्न प्राथमिक संस्थांच्या सभासदांचे गुप्त मतदान बंधनकारक करावे. व्यवहाराची किंमत, मूल्यांकन आणि घेणाऱ्याचे नाव मतदानाच्या किमान एक महिना आधी गावच्या फलकावर लागावे.

दुधाच्या दराला उसासारखे कायद्याचे पाठबळ द्यावे. किमान दर खासगी आणि सहकारी दोघांनाही बंधनकारक असावा, पगार ठरलेल्या मुदतीत न दिल्यास व्याज लागावे, आणि एसएनएफच्या कपातीचे टप्पे सरकारने निश्चित करून ते मंदीत बदलण्यास मनाई करावी. भाजीवाल्याच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तसा तो प्रत्येक संकलन केंद्रावरच्या तपासणी यंत्रालाही लागावा, आणि शंका आल्यास उत्पादकाला त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर नमुना तपासून घेण्याचा हक्क असावा.

मुदत संपलेल्या सर्व दूध संघांच्या निवडणुका याच वर्षी घ्याव्यात. दूध घालणाऱ्या प्रत्येक घरातून एका पुरुषाच्या नावासोबत धार काढणाऱ्या स्त्रीचे नाव सभासद म्हणून नोंदवावे आणि तिला मताचा हक्क द्यावा.

आणि राज्याने भुकटीचा एक राखीव साठा सहकारी संघांमार्फत उभारावा. भाव पडल्यावर त्यात खरेदी व्हावी, टंचाईत तो बाहेर यावा, म्हणजे दर वेळी अनुदानाची घोषणा करण्याची वेळ येणार नाही आणि टंचाईचे कारण देऊन आयातीची परवानगीही मागता येणार नाही.

आमच्या संस्थेने नोटिशीला लेखी खुलासा दिला आहे. त्यासोबत संघाकडील थकबाकीचा तपशील आणि संस्था पुन्हा चालवण्याबद्दल सभासदांनी विशेष सभेत केलेला ठराव जोडला आहे. सुनावणी कार्यालयात न घेता गावात, संस्थेच्या जागेत घ्यावी आणि तिला संघाच्या प्रतिनिधीलाही बोलवावे, ही विनंती आहे. तारीख आठ दिवस आधी कळवावी. वेळ शक्यतो दुपारची ठेवावी, सकाळ-संध्याकाळ धारांची असते. सर्व सभासद हजर राहतील.

आपली विश्वासू,
एक दूध उत्पादक सभासद,
प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्था